वर्षावासात चीनची गोष्ट का सांगावी? व्याख्यान, चित्रपट आणि जलसा

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की बीड जिल्ह्यातल्या गावोगावच्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. आश्विन पौर्णिमेला समारोप होतो. त्याच सुमारास अनेक वस्त्यांवर बांधाबांध सुरू झालेली असते. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. म्हणजे आईवडील, लेकरे, म्हातारीकोतारी अशी सगळी वस्ती एका जागी बसलेली असते, ती याच तीन महिन्यांत. जो विषय सगळ्यांपर्यंत जावा असे वाटते, तो याच काळात घ्यावा लागतो.

या लेखाचा विषय ऐकून काही वाचकांना नवल वाटेल. वर्षावासातल्या तीन-चार संध्याकाळी चीनचा इतिहास आणि संस्कृती यांसाठी द्याव्यात, असे आम्ही सुचवत आहोत. एक व्याख्यान, एक चित्रपट, एक जलसा. "चीनशी आपला काय संबंध? तो तर सीमेवर उभा आहे," हा प्रश्न येणारच. त्याचे सरळ उत्तर असे: आपल्या स्वतःच्या इतिहासाची मोठी लेखी साक्ष चिनी भाषेत आहे. ती साक्ष बाबासाहेबांनी तपासली होती आणि वापरलीही होती.

बाबासाहेबांचे दोन चिनी साक्षीदार

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. अस्पृश्य मूळचे कोण होते आणि ते अस्पृश्य कसे झाले, हा त्याचा विषय. अस्पृश्यता नेमकी केव्हा सुरू झाली, या प्रश्नापाशी आल्यावर बाबासाहेब ज्या पुराव्यांकडे वळतात, त्यांत दोन चिनी भिक्खूंची प्रवासवर्णने आहेत. पहिला फाहियान. तो इ.स. ३९९ मध्ये चीनमधून निघाला आणि सुमारे पंधरा वर्षांनी परतला. दुसरा ह्युएन त्संग. त्याला बाबासाहेबांनी युआन च्वांग म्हटले आहे. तो सातव्या शतकात भारतात आला.

फाहियानने लिहून ठेवले आहे की चांडाळ लोक गावाबाहेर राहत आणि नगरात शिरताना लाकूड वाजवून आपण आल्याची खूण देत, म्हणजे बाकीचे लोक त्यांना टाळू शकत. ह्युएन त्संग सांगतो की खाटीक, कोळी, नाचगाणे करणारे, फाशी देणारे आणि घाण काढणारे यांच्या घरांना ओळखीची खूण असे, त्यांना नगराबाहेर राहावे लागे आणि येता-जाता रस्त्याच्या कडेने चालावे लागे.

हे वाचून कोणीही लगेच म्हणेल की अस्पृश्यतेचा पुरावा सापडला. बाबासाहेब तसे म्हणत नाहीत. फाहियानची नोंद त्यांना पुरेशी वाटत नाही, कारण ती एकट्या चांडाळांपुरती आहे आणि चांडाळांना वेगळी वागणूक देण्याची प्रथा जुनी होती. ह्युएन त्संगची नोंद मात्र चांडाळांपलीकडच्या जमातींनाही लागू पडते. म्हणून त्याच्या काळापर्यंत अस्पृश्यता अस्तित्वात आली होती असे मानता येते, असे ते मांडतात. इतर पुराव्यांशी हे ताडून पाहत ते या निष्कर्षाला येतात की इ.स. २०० मध्ये अस्पृश्यता नव्हती, ६०० पर्यंत ती आलेली होती आणि तिचा जन्म साधारण इ.स. ४०० च्या सुमाराचा असावा.

व्याख्यानाचा पहिला विषय हाच असावा. अस्पृश्यता अनादी काळापासून चालत आलेली नाही. ती एका काळात सुरू झाली, आणि तो काळ ठरवताना दोन परदेशी भिक्खूंच्या नोंदी कामी आल्या. ज्या वस्तीला आजही गावाच्या एका कडेला जागा आहे, त्या वस्तीतल्या पोरांना हे कळायला हवे. साक्षीदार बौद्ध असला तरी त्याची साक्ष पारखूनच घ्यावी लागते, हे बाबासाहेबांनी कसे करून दाखवले, तेही कळायला हवे.

ह्युएन त्संगने पाहिलेला महाराष्ट्र

ह्युएन त्संग सम्राटाची परवानगी नसताना गुपचूप चीनमधून निघाला. वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडून तो भारतात पोहोचला, नालंदेत शिकला आणि इ.स. ६४५ मध्ये चांगआन या राजधानीत परतला. सोबत ६५७ ग्रंथ होते. पुढची सुमारे एकोणीस वर्षे, म्हणजे ६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो भाषांतराचे काम करीत राहिला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ७५ ग्रंथ चिनी भाषेत आणले.

इ.स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. तेव्हा इथे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. इथली माणसे साधी, मानी, उपकार न विसरणारी आणि अपमान सहन न करणारी आहेत, असे तो लिहितो. या देशात शंभराहून अधिक संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याची त्याची नोंद आहे. महायान आणि हीनयान अशा दोन्ही परंपरांचे भिक्खू त्यांत होते. अशोकाने बांधलेल्या स्तूपांचाही तो उल्लेख करतो.

पुढे तो देशाच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या एका संघारामाचे वर्णन करतो. अचल नावाच्या अर्हताने तो उभारला, भिंतींवर बोधिसत्त्वाच्या चरित्रातले प्रसंग कोरलेले आहेत, दाराबाहेर दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत, असे तो सांगतो. हे वर्णन अजिंठ्याचे आहे, असे अभ्यासक मानतात. त्याला आधारही आहे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेणीतल्या शिलालेखात स्थविर अचल यांचे नाव येते. १६ क्रमांकाच्या लेणीच्या प्रवेशापाशी दगडी हत्ती आजही उभे आहेत.

पण त्याच वर्णनात सुमारे सत्तर फूट उंचीची बुद्धमूर्ती आहे, आणि तिच्यावर कशाचाही आधार नसलेली सात छत्रे आहेत. अशी मूर्ती अजिंठ्यात नाही. म्हणून ह्युएन त्संग तिथे स्वतः गेला की ऐकलेले लिहिले, याबद्दल मतभेद आहेत. व्याख्यात्याने हे लपवू नये. "ह्युएन त्संग आपल्या बीडला आला होता" असे कोणी उत्साहाने सांगू लागला, तर त्यालाही थांबवावे. त्याच्या ग्रंथात बीडचे नाव नाही. त्याने सांगितलेली महाराष्ट्राची राजधानी नेमकी कोणती, यावरही एकमत झालेले नाही. खरे आहे तेवढेच पुरेसे मोठे आहे. त्याला जोड देण्याची गरज नाही.

एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी भारतातली बौद्ध स्थळे शोधायला घेतली, तेव्हा या चिनी प्रवाशांची दिशा आणि अंतरे हाताशी धरूनच ते फिरले. लोक ज्याला नुसता मातीचा ढिगारा समजत होते, ती नालंदा असल्याचे असे ओळखले गेले. इथे विसरलेल्या आपल्या वारशाचा पत्ता चीनमध्ये लिहून ठेवलेला होता.

इथे हरवले, तिथे टिकले

दुसरे व्याख्यान ग्रंथांवर घेता येईल. भारतातून बौद्ध विद्यापीठे नाहीशी झाली, तेव्हा असंख्य ग्रंथांची मूळ प्रत नष्ट झाली. त्यांतले कितीतरी आज फक्त चिनी किंवा तिबेटी भाषांतरात उरले आहेत. पाली निकायांना समांतर असणारे आगम चिनी भाषेत आहेत, आणि त्यांच्या आधारे पाली सुत्तांचा तुलनात्मक अभ्यास करता येतो.

या कामात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणारे प्रा. पु. वि. बापट चिनी भाषा शिकले. 'विमुत्तिमग्ग' हा ग्रंथ सहाव्या शतकात झालेल्या चिनी भाषांतरात टिकला होता. त्याची बुद्धघोषांच्या 'विसुद्धिमग्ग'शी तुलना करणारा बापटांचा ग्रंथ १९३७ साली पुण्यातून निघाला. बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षे झाल्यानिमित्त भारत सरकारने १९५६ मध्ये काढलेल्या '२५०० इयर्स ऑफ बुद्धिझम' या ग्रंथाचे संपादकही तेच होते. पाली येणाऱ्याने चिनीही शिकली की काय हाती लागते, याचे हे उदाहरण आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पाली आणि बौद्ध धम्माचा विभाग आहे. तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी कोणी उद्या या वाटेने जाऊ शकते.

छपाईचीही गोष्ट सांगावी. तारीख नोंदवलेले सर्वांत जुने उपलब्ध छापील पुस्तक म्हणजे चिनी भाषेतले 'वज्रच्छेदिका' सूत्र. इ.स. ८६८ चे. ते दुनहुआंगच्या लेण्यांत सापडले आणि आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ते सर्वांना मोफत वाटण्यासाठी छापले, असे त्याच्या शेवटी नोंदलेले आहे. इथे ज्ञान काही वर्णांपुरते राखून ठेवण्याचे नियम होते. तिथे एक बौद्ध उपासक आईवडिलांच्या नावाने पुस्तक छापून वाटत होता. श्रोत्यांना यापेक्षा जास्त काही सांगावे लागणार नाही.

कोणता चित्रपट दाखवावा?

पहिला पर्याय मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले, त्यात कोटणीस होते. नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. तिथे त्यांनी ग्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले. मुलाचे नाव यिनहुआ ठेवले. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, अपस्माराने त्यांचा मृत्यू झाला.

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. चित्रपट दाखवण्याआधी दहा मिनिटे खरा जीवनक्रम सांगावा. चित्रपटातली चिनी पात्रे भारतीय नटांनीच रंगवलेली आहेत आणि कथेची मांडणी पडद्यासाठी केलेली आहे. चित्रपट संपल्यावर "यातले काय घडले असेल, काय रचले असेल?" असे मुलांना विचारावे.

दुसरा पर्याय म्हणजे ह्युएन त्संगच्या जीवनावरचा २०१६ चा चिनी चित्रपट. हुओ जियानची यांनी तो दिग्दर्शित केला आणि तो चीन व भारत यांची संयुक्त निर्मिती आहे. प्रवास डोळ्यांपुढे उभा राहण्यासाठी तो चांगला. कोणताही चित्रपट लोकांसमोर दाखवण्याआधी हक्कधारकांची परवानगी घ्यावी. मोबाइलवर आलेली फाइल प्रोजेक्टरला लावणे हा विहाराचा मार्ग नव्हे.

तिसऱ्या एका चित्रपटाबद्दल बोलणे भाग आहे, कारण तो पोरांनी टीव्हीवर आधीच पाहिलेला असतो. बोधिधर्मावरचा '७ आम अरिवू' हा २०११ चा तमिळ चित्रपट 'चेन्नई वर्सेस चायना' या नावाने हिंदीत दाखवला जातो. बोधिधर्माने चीनला कुंगफू दिले, ही समजूत त्यामुळे पक्की झाली आहे. चिनी साधनांत बोधिधर्माचा पहिला उल्लेख इ.स. ५४७ च्या सुमाराचा आहे, आणि त्यात तो इराणकडून आलेला भिक्खू म्हटला आहे. दुसऱ्या जुन्या नोंदीत तो दक्षिण भारतातला आहे. कुंगफूशी त्याचे नाव जोडणारी पुस्तिका मात्र सतराव्या शतकातली, म्हणजे जवळपास हजार वर्षांनंतरची आहे. बोधिधर्माची खरी ओळख ध्यानमार्गाची आहे. चीनमधली 'छान' आणि जपानमधली 'झेन' ही दोन्ही नावे 'ध्यान' या शब्दावरूनच आलेली आहेत.

जलसा आणि चित्रे घेऊन गोष्ट सांगणारे भिक्खू

चीनमध्ये धम्म केवळ ग्रंथांनी पसरला नाही. तांग काळात बुद्धचरित्रातल्या आणि सूत्रांतल्या कथा बोलीभाषेत, गद्य-पद्य मिसळून लोकांना सांगत. त्यांना 'प्येनवन' म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुनहुआंगच्या बंद खोलीतून निघालेल्या हस्तलिखितांत अशा कथा सापडल्या. सांगताना चित्रे दाखवली जात. व्हिक्टर मेअर या अभ्यासकाने १९८८ मध्ये एक सबंध ग्रंथ लिहून मांडले की चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची ही रीत भारतातून तिकडे गेली. आपल्याकडे ही रीत चित्रकथीच्या रूपात उरली. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ती आजही आहे. आणि 'पैठणची चित्रे' ज्या गावाच्या नावाने ओळखली जातात, ते पैठण तर गोदावरी ओलांडली की आलेच.

यातली सर्वांत लोकप्रिय कथा मौद्गल्यायनाची. चिनी भाषेत त्याचे नाव मूल्यान. त्याची आई मेल्यावर भुकेल्या प्रेताच्या योनीत जाते. तो तिला घास देऊ पाहतो, पण घासाचे निखारे होतात. तेव्हा बुद्ध सांगतात की वर्षावास संपण्याच्या दिवशी संघाला दान दे. चीनमध्ये हा दिवस सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. बाराव्या शतकातली नोंद आहे की कैफंग शहरात त्या महिन्याच्या सातव्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत हे नाटक चाले.

इथे आपला श्रोता हात वर करून विचारेल, "ही तर श्राद्धाचीच गोष्ट झाली!" प्रश्न रास्त आहे. २२ प्रतिज्ञांत आपण श्राद्ध आणि पिंडदान नाकारले आहे. म्हणून ही कथा इतिहास म्हणून सांगावी, आचार म्हणून नव्हे. चीनमध्ये आईवडिलांची सेवा हे सर्वांत मोठे कर्तव्य मानले जाई आणि "भिक्खू घर सोडतात म्हणजे आईबापांना टाकतात" असा आरोप विरोधक करीत. त्या आरोपाला ही कथा उत्तर होती. नव्या देशात टिकण्यासाठी धम्माने तिथल्या समजुतींशी तडजोड केली. त्या तडजोडीत काय मिळाले आणि काय गेले, ही चर्चा विहारात व्हायलाच हवी.

हे सगळे सांगायला आपल्याकडे जलसा आहे. भीमराव कर्डकांच्या काळापासून आंबेडकरी जलशाने लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांपर्यंत विचार नेला. गावातल्या गायन पार्टीने परवानगी न घेता निघालेला ह्युएन त्संग, महाराष्ट्रातले पाच हजार भिक्खू, आणि लाकूड वाजवत नगरात शिरणारा माणूस यांवर स्वतःची गाणी रचावीत. मधे एका पोराने नकाशा धरून वाट दाखवावी. चिनी नाटकातले सुन वुखोंग हे वानरपात्रही मुलांना आवडेल. पण ते सोळाव्या शतकातल्या कादंबरीतून लोकप्रिय झालेले कल्पित पात्र आहे, हे सांगूनच.

चीन म्हणजे बौद्ध देश नव्हे

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. चीनची संस्कृती समजून घेणे आणि चीनच्या सरकारची बाजू घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबासाहेबांची भूमिका इथे स्पष्ट आहे. ऑगस्ट १९५४ मध्ये राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना त्यांनी भारत-चीन पंचशील करारावर टीका केली. पंचशील हा मुळात बौद्धांचा शब्द आहे आणि माओंचा त्यावर विश्वास असता तर त्यांनी स्वतःच्या देशातल्या बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा त्यांचा मुद्दा होता. आठच वर्षांनी, १९६२ मध्ये, युद्ध झाले.

चीनमध्ये बौद्धांचा छळ पहिल्यांदा झाला तो काही विसाव्या शतकात नव्हे. इ.स. ८४५ मध्ये तांग सम्राट वूझोंगच्या हुकुमाने ४६०० हून अधिक विहार पाडले गेले आणि अडीच लाखांहून अधिक भिक्खू-भिक्खुणींना चीवर उतरवावे लागले. १९६६ ते १९७६ च्या सांस्कृतिक क्रांतीत पुन्हा विहार फुटले, मूर्ती फुटल्या. तिबेटमध्ये जे झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. राजाश्रयावर उभा राहिलेला धम्म राजाची मर्जी फिरली की उघडा पडतो. हा धडा चीनच्या इतिहासातून मिळतो, आणि तो आपल्याही उपयोगाचा आहे.

काय करता येईल?

आषाढ, श्रावण, भाद्रपद आणि आश्विन या चार पौर्णिमा धराव्यात. पहिल्या पौर्णिमेला दोन साक्षीदारांवर व्याख्यान, दुसरीला ग्रंथांवर, तिसरीला चित्रपट आणि चर्चा, चौथीला जलसा. व्याख्यान पाऊण तासाचे असावे आणि तेवढाच वेळ प्रश्नांना ठेवावा. पहिले प्रश्न महिलांनी आणि मुलांनी विचारावेत. वक्त्याने "हे कुठे लिहिले आहे?" या प्रश्नाची तयारी करून यावे. शक्य असेल तर एक दिवस अजिंठ्याला जाऊन २६ क्रमांकाच्या लेणीसमोर ह्युएन त्संगचे वर्णन मोठ्याने वाचावे आणि काय जुळते, काय जुळत नाही, ते मुलांनाच शोधू द्यावे.

आणि हे आश्विन पौर्णिमेच्या आत उरकावे. ती उलटली की वस्तीतली निम्मी घरे कुलूपबंद होतात आणि निम्मी मुले उसाच्या फडावर असतात. ज्यांच्या पूर्वजांना नगराबाहेर ठेवल्याची नोंद चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या भिक्खूने केली, त्यांची लेकरे ती नोंद ऐकायला हजर असली पाहिजेत.

जयभीम, नमो बुद्धाय.